चौदाव्या किलोमीटरचा खांब

कुंपणाचे सगळे खांब करड्या, जुन्या लाकडाचे,
एकच सिमेंटचा.
परगावचा माणूस विचारतो, हा असा का?
आम्ही सांगत नाही.
फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी ये म्हणतो.

त्या रविवारी आठच्या सुमाराला
बाउअर पिकअप बांधावर चढवतो.
नेलिदा खुर्च्या उतरवते, स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत.
कुणी लाकडं रचतं, कुणी बरगड्यांना मीठ चोळतं,
कडू चहाचा भोपळा हातोहात फिरत राहतो
आणि पंपाच्या एकरच्या एकर सपाटीवर
सूर्यफुलं माना खाली घालून उभी.
त्यांचं आमच्याशी काही देणंघेणं नाही,
त्यांची कापणी जवळ आलेली असते, इतकंच.

आरिस्तिदेस लारल्दे. आम्ही म्हणायचो, डावरा.
बापाची बेकरी होती चौकात.
इंजिनाला पैसे कमी पडले तेव्हा
सगळ्या गावाने तीन वर्षं
पावाच्या किमतीवर एकेक नाणं जास्त ठेवलं.
शेवरोलेच्या दारावर त्याने रंगवून घेतलं होतं :
लारल्दे पाव, रोज ताजा.
ताशी दोनशे चाळीसच्या वेगात
ते कुणालाही वाचता यायचं नाही.
आम्हाला यायचं.

बाउअरकडे ते सिगारेटचं पाकीट अजून आहे.
पुलापासून वळणापर्यंत :
पहिली फेरी, एक्केचाळीस सेकंद.
दुसरी, चाळीस.
तिसरी, असं लिहून पुढे एक आडवी रेघ.
रेडिओवरचा माणूस वाक्याच्या मध्येच थांबला,
आणि मग त्यांनी बियाण्यांची जाहिरात लावली.
मला ती अजून पाठ आहे. विसरायचं म्हटलं तरी.

दरवर्षी तोच वाद.
बाउअर म्हणतो, टायर.
नेलिदा म्हणते, वारा, दक्षिणेकडून आडवा आलेला.
कुणी कुत्रं म्हणतं, कुणी तेल.
मांस होईस्तोवर हे चालतं,
मग तोंडं भरलेली असतात.

रस्त्याच्या पलीकडे एकटा फ्रोइलान.
तो फोर्डवाला. तेव्हाही तिथेच उभा होता.
डावरा समोरून गेला की कुंपणावर चढून
दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा,
दुसऱ्या फेरीला ओरडला, "मर एकदाचा!"
खेळात ओरडतात तसं. सगळेच ओरडतात.
तिसऱ्या फेरीला सगळ्यांत आधी तोच धावला.
दाराला हात घातला, ते तापलेलं होतं.
त्याच हातांनी, पट्ट्या सुटल्यावर,
त्याने हा खांब ओतला.
एकतीस वर्षं तो येतो, आपलं मांस आपण भाजतो,
रस्ता ओलांडत नाही.

यंदा ओलांडला.
टोपी काढली, खुर्ची दिली तरी बसला नाही.
"त्याला ऐकू गेलं असेल का?"

बाउअरने इंजिनं उघडण्यात जन्म घालवलाय.
"त्या आवाजात?" तो म्हणाला,
"आईने हाक मारली असती तरी गेली नसती."

थोडा वेळ चरबी निखाऱ्यावर ठिबकत राहिली.
मग नेलिदा, कुणाकडेही न बघता :
"आम्हीही ओरडत होतो की दिवसभर.
अजून! अजून जोरात!
तेही नाही गेलं म्हणायचं."

कुणी काही बोललं नाही.
एक गव्हाचा ट्रक गेला, नंतर दुसरा,
खुर्च्यांवरचे कागद उडाले.
बाउअरच्या नातवाने ते गोळा करता करता विचारलं,
"पण त्या दिवशी जिंकलं कोण?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच आठवेना.
फ्रोइलानला आठवत होतं, दिसत होतं चेहऱ्यावर.
त्याने बरगडीचा तुकडा उचलला
आणि खूप वेळ चावत राहिला.