नुकसानीचे कारण

कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधे
शिरीष पडला.
तिसरी झालीच नाही, असं वैजू म्हणते.
मला वाटतं झाली असणार,
ऐकू आली नाही, एवढंच.

सर्व्हेअर नेमा चौथ्या दिवशी आले, स्कूटरवरून,
खिशात टेप आणि खडूचा एक झिजका तुकडा.
"पॉलिसीत झाड नाही," ते म्हणाले, "घर आहे.
घरावर पडलं तेवढंच पडलं.
बाकीचं नुसतं आडवं झालं."
आणि बुंध्यावर त्यांनी पांढरी रेघ ओढली.
रेघेच्या पुढे पत्रे, पाण्याची टाकी,
ओट्याचा कडप्पा, खिडकीची चौकट: कंपनीचं.
रेघेच्या मागे एकवीस फूट: तुमचं.

वैजूनं टेपचं दुसरं टोक धरलं होतं,
अंतरपाट धरतात तसं, ताणून.

"झाड कोणाचं?"
या प्रश्नाला लोकमान्य नगरात
दोन घरांनी इतकी वर्षं सोयीची उत्तरं दिली.
पानगळ सुरू झाली की पोरवालांचं,
सावली आमच्या गाडीवर आली की आमचं.
फुलांचा वास दोघांचा.
रात्रभर शेंगा खुळखुळायच्या, त्या कोणाच्याच नाहीत.
पोरवालबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या,
"भाईसाब, पेड़ तो आप ही का था."
था.
आमच्या घरात अजून कुणी 'होता' म्हटलं नव्हतं.

सकाळी कचरागाडी आली, गाणं वाजवत.
गाडीवरचा पोरगा पेचात पडला:
ओला की सुका?
पानं ओली, शेंगा सुक्या,
बुंधा त्यानं पायानं ढोसून पाहिला. दोन्ही.
या इंदुरात केळीच्या सालाला जागा आहे,
फुटक्या बल्बला आहे.
गाडी पुढे गेली.

मग नेमा मुळांकडे वळले.
फॉर्मवर एक ओळ उरली होती: नुकसानीचे कारण.
तिथे सगळं उघडं पडलेलं,
मुळांच्या गळ्याशी सिमेंटची कॉलर,
साडेतीन इंच जाड, मीच घालून घेतलेली,
गाडीचं चाक मातीत रुतू नये म्हणून.
वैजू तेव्हा म्हणाली होती, वीतभर तरी सोडा हो.
गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, पूर्ण भर.

नेमांनी वाकून कडेवरून बोट फिरवलं,
बोटाला लागलेला भुगा पँटला पुसला.
मी वीज मंडळात एकतीस वर्षं काढलीत.
कारण कसं लिहितात ते मला ठाऊक आहे.
माझ्या नोकरीत किती ट्रान्सफॉर्मर जळाले
आणि मी रजिस्टरात लिहिलं: खार.
मी बोललो नाही.
वैजूही बोलली नाही, फक्त टेप सोडून दिली.
ती सरसरत नेमांच्या मुठीत शिरली.
त्यांनी मोबाईल उचलला,
दोन पावलं डावीकडे सरकले,
जिथून कॉलर दिसत नाही तिथून फोटो काढला
आणि लिहिलं: आंधी.

चेक आला. सत्तावीस हजार चारशे.
टाकी बसली, खिडकी बसली.
दुपारी ओट्यावर आता थेट ऊन येतं,
वैजू कणीक मळताना पाठ फिरवून उभी राहते,
उन्हाकडे की माझ्याकडे, मी विचारलेलं नाही.
एकवीस फूट अजून अंगणात आहे.
खडूची रेघ पुसली गेली,
तरी कपडे वाळत घालताना ती
बरोबर तिथेच थांबते, पुढच्या भागावर टॉवेल,
मागच्यावर काही नाही.

काल नूतनीकरणाचा फॉर्म आला.
घरापासून वीस फुटांच्या आत मोठे झाड आहे का?
पेन घेऊन बसलो.
उभं की आडवं, ते विचारलेलं नव्हतं.
आत हाक मारली: अगं, इथे काय लिहू?

भांड्यांचा आवाज थांबला.
"खार लिहा," ती म्हणाली.