आठ-नऊ डिसेंबरची रात्रपाळी

प्रेस्टनच्या प्रसूती विभागात रात्री अकराला
रेडिएटरवर ओले मोजे टाकत कार्मेलीन तुस्कानो म्हणते,
आज सण आमचा. मिस्सा करूनच आलेय.
केसांना धुपाचा वास येतोय, बघ.

मी म्हणते, हो, कुमारीला गर्भ राहिला तो दिवस.
ती कपाळावर हात मारते.
"पाळकाची मुलगी ना गं तू?
तो मार्चात. पंचवीसला. नऊ महिने मोज की, सुईण आहेस.
आज मरियेचा स्वतःचा. अन्नाच्या पोटात.
आई होती, बाप होता, सगळं चारचौघांसारखं.
फक्त डाग लागला नाही,
पहिल्या क्षणापासून."

मग देवाला आपला तारणारा का म्हणाली ती?
(हा आमच्या घरचा प्रश्न, बाबांनी घोटून घेतलेला.)
कार्मेलीन मोजे उलटते.
"रक्तस्राव थांबवतेस, ते वाचवणं.
आणि होऊ नये म्हणून आधीच सुई देतेस,
ते काय असतं?"

मला उत्तर सुचलं नाही.
बेड चारवर टॅम्झिन एन्टविसल, वय एकोणीस,
गॅसची नळी दातांत.
वडिलांचा रकाना कोरा.

चादर बदलताना मी सांगितलं तिला
जालन्याजवळच्या ओढ्याचं.
माझ्या पणजोबांनी मिशनरी साहेबाला एवढंच विचारलं होतं:
जन्मतःच डाग म्हणता. सगळ्यांना?
सगळ्यांना.
पाटलाला?
पाटलालाही.
ज्याला आमची सावली चालत नाही, त्या पाटलाला?
त्याच्या तर आजोबालाही.
मग पणजोबांनी पागोटं काठावर ठेवलं
आणि हसत पाण्यात उतरले.
हसत, असंच सांगतात घरी.
आदामाचं पाप ही आमच्याकडे सुवार्ता होती.
गावकुसाबाहेरच्यांना पहिल्यांदाच कुणी
गावाइतकं पापी म्हटलं होतं.

म्हणून एकही अपवाद सोसत नाही मला, कार्मेलीन.
एक निष्कलंक निघाली
की बाकीच्यांभोवती वेस आली.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "आणि मला वाटतं,
एक तरी बाई असू दे
जिला कुणालाच कधी
दूर हो, शिवू नको, म्हणता आलं नाही."

बारा वाजून गेले होते.
पारास्किवा बादली ढकलत आली, रुमानियाची,
चाळीस वर्षांच्या उपासांनी वाळलेली.
"तुमचं संपलं? आमचा सण आता लागला. नऊ तारीख.
आम्ही तिला रोज सर्वांत पवित्र म्हणतो.
पण कुठल्याच बाळाच्या नावावर गुन्हा लिहीत नाही.
आदामाकडून मरण येतं. तेवढंच.
घर मिळतं तेव्हा गळकं छप्परही मिळतं, तसं.
छप्पर तू नाही फोडलंस.
भिजतेस मात्र."
मग म्हणाली, "पाय उचला."

तीन चाळीसला मुलगी झाली.
लोण्यात बुडवून काढल्यासारखी, खांद्यावर रक्ताची रेघ,
ओरडली ती थेट छताला.
आम्ही डाग शोधतोच, ते कामच आहे आमचं:
टाळू, बगल, मांडीची घडी, मणका.
माकडहाडाशी सापडला. निळा, जुन्या रुपयाएवढा.
मी तक्त्यावर लिहिलं: जन्मखूण. निरुपद्रवी.
उद्या कुणी मार समजू नये म्हणून
वेळ घातली, सही केली.

टॅम्झिन मान उचलून बघत होती.
"हे माझ्यामुळे झालं का?"

नाही, आम्ही तिघी एकदमच म्हणालो,
तीन निराळ्या कारणांनी.
पारास्किवाच्या हातात अजून फडकं होतं.

सहाला बाहेर रिबल नदीवरून धुकं वर आलं.
कार्मेलीनचे मोजे वाळले नव्हते.
तसेच घातले तिने.
बसस्टॉपवर म्हणाली, त्या सुईचं उत्तर
तू अजून दिलेलं नाहीस.