बरोबरी

फोंड्याचा हॉल, सातवा पट.
त्यानं राजाचं प्यादं दोन घरं पुढे ठेवलं,
मी सी-पाच.
सहाव्या चालीला उंट कोपऱ्याजवळ: ड्रॅगन.

इझिदोर बोटीवरून सुटीला आलेला,
नखांत अजून इंजिनाचं काळं.
त्याचं कडेचं प्यादं माझ्या राजावर धावत सुटलं.
मी हत्ती देऊन घोडा मारला.
शेजारची पोरं आपापले डाव टाकून
बघायला उठली.

चार मिनिटं उरली.
त्याचा राजा उघडा,
पळायचं कुठं, त्यालाही सुचेना.
'बरोबरी?'
आणि मी, कोण जाणे का,
हात पुढे केला.

दिवाडीची शेवटची फेरीबोट.
ओहोटीनं तिरपी चाललीय.
वजीर ए-तीन, वजीर ए-तीन,
मी कठड्याला सांगतोय.