तीन मिनिटं

कॉम्प्रेसर बंद पडला की लगेच उठवायचा नसतो.
गॅसचा दाब उतरू द्यावा लागतो, तीन मिनिटं.
हे कार्डाला कळतं. आमचं कार्ड जळालं होतं,
म्हणून मुहर्रकच्या त्या खोलीत, जुलैत,
लाइट जाऊन आली की आमचा एसी
लाथ घालून उठवलेल्या माणसासारखा कण्हायचा
आणि अख्ख्या मजल्याचा फ्यूज घेऊन बसायचा.
कंपनी म्हणाली, नवं कार्ड अडतीस दिनार,
पुढच्या महिन्यात बघू.
कंपनीचा पुढचा महिना मी नऊ वर्षं बघतोय.

मग मीच दुकान मांडलं.
एक टायमर, एक रिले, एक ट्रान्झिस्टर,
कुणाच्या तरी मेलेल्या टीव्हीतून काढलेला
टपोरा कपॅसिटर.
टायपिंग सेंटरच्या शाजीनं नकाशा छापून दिला
सुपरमार्केटच्या गुळगुळीत पत्रकावर:
कोंबडी, टोमॅटो, डायपर, सगळं निम्म्या किमतीत,
आणि त्यांच्या अंगावरून गेलेल्या माझ्या काळ्या वाटा.
इस्त्री कादिरभाई सरगुरोहची, जुम्म्याच्या कुर्त्याची.
देताना म्हणाला, "डाग पडला तर?"
म्हटलं, "डाग पाडायलाच तर हवीय."

पत्रा काथ्यानं घासला,
ताम्हणासारखा लखलखला.
वर पत्रक पालथं, वर इस्त्री, वर माझं सगळं वजन.
पाण्यात भिजवून कागद अंगठ्यानं सोलला,
तर पहिली खेप उलटी.
आरशातून छापायचं राहून गेलं होतं.
कोपऱ्यात हौसेनं बायकोचं नाव घातलं होतं, इंदू,
ते शेपटाकडून डोक्याकडे निघालेलं.
कादिरभाईनं पत्रा ट्यूबलाइटखाली धरला.
"बरोबर आहे की. तूच चुकीच्या बाजूनं वाचतोयस."

दुसरी खेप सुलट.
लबनच्या रिकाम्या डब्यात फेरिक क्लोराइड,
बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं.
कोमट करून घ्यावं म्हणतात.
मी डबा गच्चीवर नेऊन ठेवला, बस.
त्या उन्हाचा नऊ वर्षांत पहिल्यांदा उपयोग झाला.
डबा हलवत बसलो, झोळीतलं पोर निजवावं तसा.
उघडं तांबं विरत गेलं,
काळ्याखाली दडलेलं तेवढं वाचलं.

उरलेलं मोरीत नाही ओतलं.
बाटलीत भरून पलंगाखाली सारलं, वर चार लिप्यांत लिहिलं:
चहा नाही.
तरी तेजबहादूरनं एकदा बूच उघडून वास घेतलाच.

टोनर पुसला. वाटा जागच्या जागी होत्या,
इंदूवरचा अनुस्वार मात्र गेला होता.
एवढंसं टिंब, टिकतंय कुठलं.
"इदू," कादिरभाईनं वाचलं. "ईद लवकर आली या वर्षी."

भोकं पाडताना ड्रिलच्या दोन काड्या मोडल्या.
पाय टाचताना धुरानं डोळे चुरचुरले.
सगळं झाल्यावर सोल्डरिंगच्या टोकाला
थेंबभर कथील उरलं होतं.
उघड्या पाटीवर कथील धरत नाही,
म्हणून शिरोरेषेच्या आधारानं बसवलं. गोल बसलं.
त्या टिंबातून करंट जात नाही.
ते कशालाही जोडलेलं नाही.

तिसऱ्या रात्री लाइट गेली.
आली तेव्हा दोन वाजून गेले असतील.
आठही जण जागे, आठही जण गप्प.
भिंतीवरच्या डब्यात कपॅसिटर
नळाला करंगळीएवढी धार असावी तसा भरत होता.
सजीवन मल्याळममध्ये पुटपुटत मोजू लागला.
एकशेऐंशी झाले. काही नाही.
एकशेनव्वद.
कुणीतरी कूस बदलली, कुणीतरी माझ्या बाजूला बघितलं,
अंधारातही कळतं.
दोनशे दोन.

टक्.

मग बाहेर पंखा फिरला, पत्रा थरथरला,
आणि बऱ्याच वेळानं
कुणीतरी पायानं चाचपत
चादर शोधू लागलं.