पोटखराबा

एकतीस वर्षं साखळी ओढली मी
इगतपुरीत, नाशिक तालुक्यात, थोडी त्र्यंबकला.
भावाभावांतली वीतभर जमीन भर उन्हात मोजून दिली,
चुन्याच्या रेघा मारल्या, दगड पुरले.
दगड रात्रीतून सरकले,
पुन्हा मोजली.

जिथं नांगर अडखळला –
ओहळ, खडकाची पाठ, करवंदीची जाळी,
हेकळ माजलेला उतार –
तिथं आमच्या खात्याचा एकच शब्द:
पोटखराबा.
लागवडीस अयोग्य. आकारणी नाही.
लिहिलं, शाई वाळली, पुढचा गट.

रिटायर झालो त्या उन्हाळ्यात दारात आली
वनरक्षक यमुना बेंडकोळी.
म्हणाली, काका, तुमचे जुने नकाशे हवेत.
ओटीवर पसरले. तिनं लाल पेन्सिल घेतली
आणि माझा एकेक पोटखराबा
दुसऱ्याला जोडत गेली,
अंजनेरीच्या पायथ्यापासून
दारणेच्या काठापर्यंत.

मी चष्मा पुसला.
सगळ्या टाकाऊ तुकड्यांची मिळून
एक वाट होती ती.

म्हणाली, खालची पाणवठी मार्चातच आटतात आता.
ऊस तुटला की बिबट्याला आडोसा नाही.
डोंगर तापतायत, काका.
जो तो गारव्याकडं सरकणार;
सरकायला सलग जमीन पाहिजे.
फक्त इथं तुटतंय, बघा.
पेन्सिल थांबली होती रंगनाथ थेट्यांच्या गटावर.

थेटे माणूस वाईट नाही.
दोन छाटण्या गारपिटीत गेल्या त्यांच्या,
मग ओहळ बुजवला, जेसीबी लावला,
द्राक्षांवर प्लास्टिक, भोवती जाळी.
यमुनाबाईनं मोबाइलवर फोटो दाखवला:
जाळीपाशी तरस. रात्री दोन दहा.
दुसऱ्या रात्री, दोन वीस.
तिसऱ्या रात्री बसलेलं,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं.
चौथा फोटो हायवेचा होता.
तो तिनं पटकन सरकवला.

थेटे बराच वेळ वेलीचा तणावा बोटाला गुंडाळत राहिले.
मग म्हणाले, आठ फूट सोडतो कडेनं.
पण मोजून द्या, भाऊसाहेब.
नऊ नको.

तर मी मोजली.
दोनशे सत्तर फूट लांब, आठ रुंद.
जन्मात पहिल्यांदा मोजणी केली
आणि दगड पुरला नाही.
जाळी आत घेतली, ओहळ अर्धामुर्धा उकरला.
थेट्यांच्या सुनेनं उंबराची एक फांदी रोवली,
कुणी सांगितलं नव्हतं.

तरस आलं नाही अजून.
ससा येतो. मुंगूस. एकदा थेट्यांचंच कुत्रं.

परवा नक्कल काढायला गेलो तहसिलात.
टेबलावरची बाई म्हणाली, काका,
क्षेत्र जुळत नाही, दोन आर कमी भरतंय.
म्हटलं, वहिवाटीत गेलं.
वहिवाटदाराचं नाव?

खिशात हात घातला.
सकाळी त्या आठ फुटांत सापडलेला
साळिंदराचा काटा, काळा-पांढरा, वीतभर,
ठेवला तिच्या रजिस्टरवर.

तिनं उचलला, टोक बोटाला लावून पाहिलं,
सुटे कागद ओवायला बरा आहे, म्हणाली,
आणि मग, थोडं थांबून,
सोमवारी या.