मूठ

आधी रबरावर वर्तमानपत्र चढवते,
लाल बाजूला, काळ्या बाजूला, कडेनं चिकटपट्टी.
भुसा रबरात शिरला की चेंडू घसरतो.
मग हात धुऊन कोरडे करते, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.
लाकडाला पाणी दाखवायचं नसतं.
तसाही आज नळाचा दिवस नाही;
उद्या आहे, किंवा परवा.

फडक्याला मात्र आमच्याकडे कधी तोटा नव्हता.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून
टॉवेलच्या कातरणी किलोवर मिळतात.
अर्धवट मोर, नुसती किनार,
'शुभ' आहे आणि 'लाभ' दुसऱ्या कुणाच्या पिशवीत.
एक ओली करून पिळते, इतकी पिळते
की ओल फक्त नावाला उरावी.

वडील धोटा असाच पुसायचे.
लाकूड शेंबड्या पोरासारखं पुसावं, म्हणायचे,
त्याला कळायच्या आत.
तेलुगूत म्हणायचे. मराठीत ते वाक्य
जरा जाडंभरडं होतं.

परवा महानंदा हिरेमठचा हुबळीहून फोन.
सत्तावीस वर्षांनी, आणि पहिलाच प्रश्न,
"बोल्ली, माझी बॅट आहे का गं?
पोरगी डावरी निघालीय."
मी म्हटलं, शोधावी लागेल.
शोधायची काय, कपाटात साड्यांखाली होती.

लातूरला, उपांत्य फेरीत, माझी मूठ निखळली होती,
म्हणजे बॅटची.
हिनं आपली माझ्या हातात कोंबली
आणि स्वतः कुणाची तरी जड फळकुटासारखी घेऊन उभी राहिली.
हरलो. एकवीस-एकोणीस.
बॅट परत द्यायची राहिली,
मग तिचं लग्न राहिलं नाही.

आता मुठीवरची पट्टी उकलते आहे.
सुती पट्टी, तीही कातरणीचीच,
घामानं काळी, चामड्यासारखी कडक.
आतून वास येतो:
रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, पंखा बंद
(वाऱ्यानं चेंडू हलतो),
एप्रिल, आणि आम्ही दोघी
डब्यातली शेंगाचटणी बोटानं खाऊन
तीच बोटं फ्रॉकला पुसणाऱ्या.

पात्याच्या दोन्ही खांद्यांवर खळगा आहे.
एक तिचा, डाव्या हाताचा. समोरचा माझा.
चारशे नंबरचा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून
रेषांच्या दिशेनं घासते, आडवं कधीच नाही.
काळं जातं, पिवळं येतं, मग जवळजवळ पांढरं.
माझा खळगा सपाट करायला हवा,
पोरीला काय करायचाय तो.
चार हात मारते. थांबते. पुन्हा दोन मारते.

मुठीच्या बुडाशी, पट्टीचं शेवटचं वेटोळं निघतं तिथं,
बॉलपेनची निळी अक्षरं, शिरा पसरलेली:
'बोल्ली, सोल्यूशनची डबी, ४० रु. बाकी.'

बाई गं.
म्हणजे हे मी इतकी वर्षं हातात धरून होते,
जिल्ह्याला, विद्यापीठाला,
पुढं नुसतंच, साड्या उचलताना.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
माझी निघाली चाळीस रुपयांची.

दोन हात फिरवले की शाई जाईल.
वरून जवसाच्या तेलाचा एक थेंब, एकच,
जास्त झालं तर मूठ निसटते.
व्हार्निश तर नकोच. लाकडाला घाम पिता यायला हवा.

अक्षरांवर चिकटपट्टीचा तुकडा लावते
आणि भोवतीनं घासते.
काम जरा वाकडंतिकडं होतंय, होऊ दे.

सावलीत सुकवायची. उन्हात ठेवली
तर दुपारपर्यंत तडा जाईल,
आपलं ऊन कुणाची बॅट बघत नाही.
पंख्याखाली, पाटावर, मूठ वर करून.

कुरिअरवाला पैसे आत ठेवू देत नाही, म्हणे.
वर्तमानपत्राच्या घडीत दोन विसाच्या नोटा
कशा सपाट बसतील, ते बघते आहे.