लिहून देणार, लिहून घेणार

बोंद्रे वकिलांनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला.
म्हणाले, कोर्टाचा हुकूम व्हायच्या आत उरकून घ्या.
आज नवराबायको आहात, तर मुद्रांक दोनशे रुपये.
उद्या नसाल, तर बाजारभावावर टक्के;
लाखांच्या घरात जाईल.

तेवढ्यासाठी आम्ही
आणखी अकरा दिवस नवराबायको राहिलो.

मे महिना. दुय्यम निबंधकाच्या दारात
टोकन एकोणतीस.
हेमराज हिंगण्याहून अर्ध्या रजेवर आलेला,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
लू लागू नये म्हणून बावीस उन्हाळे
तो कांदा मीच ठेवला त्याच्या खिशात.
आज त्याने स्वतः ठेवलेला. सोललेला.
म्हणजे अजून ठाऊक नाही याला,
सालासकट ठेवायचा असतो.
मी काही बोलले नाही.

आत कारकून वाचत होता, एका श्वासात.
लिहून देणार, हेमराज तुकाराम लांजेवार, वय एक्कावन्न, धंदा नोकरी.
लिहून घेणार, ज्योत्स्ना हेमराज लांजेवार, वय सेहेचाळीस,
धंदा घरकाम छापलं होतं,
मी खोडून शिवणकाम करायला लावलं,
तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मौजा मानेवाडा, प्लॉट चव्वेचाळीस,
त्यावरील बांधकामासह,
त्यातील माझा निम्मा अविभक्त हिस्सा
नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी,
राजीखुशीने, विनामोबदला...

साक्षीदार ठवकर काका खोकले.
त्यांची न् आमची भिंत एकच.
प्रेम आणि जिव्हाळा त्यांनी
रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ऐकलेला.

विनामोबदला.
मला उघडायचा होता हिशेब
फॉल-बिडिंगचा, भिशीच्या उचलीचा,
स्लॅब पडायचा होता त्या आठवड्यात
मोडलेल्या पाटल्यांचा.
आणि त्याचाही निघाला असता,
रात्रपाळ्यांचा, पीएफमधून काढलेल्या पैशांचा.
कागदात तेवढी जागाच सोडली नव्हती.

मग अंगठा.
काचेवर हिरवा उजेड, आणि काहीच नाही.
पुन्हा. काहीच नाही.
"येऊन नाही राहिला जी," पोरगा म्हणाला,
"काय काम करता?"
लेथवर.
अठ्ठावीस वर्षं लोखंड धरून
रेषा गुळगुळीत झालेल्या.
"पुसा बरं जरा. मॅडम, तुम्हीच दाबा ना थोडा वरून."

मी पदराने त्याचा अंगठा पुसला.
तो ओला होता, कांद्याचा वास होता त्याला.
माझं बोट त्याच्या नखावर ठेवलं
आणि दाबलं.
पडद्यावर उमटला,
अर्धवट, पण चालेल म्हणाला पोरगा.

असा माझ्याच हाताने
मी त्याला घराबाहेर काढला.

फोटोच्या वेळी "इकडे बघा" म्हणाले
म्हणून दोघांनी एकाच ठिकाणी पाहिलं.

बाहेर झाडाखाली स्कूटर तापलेली.
बस उन्हाने पांढरी झाल्यासारखी.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल,
चांगलं किंवा वाईट, काहीही.
त्याने दुपट्टा परत बांधला,
तोंडाआडून म्हणाला,
"कूलरचा पंप अडकते मधातच.
डाव्या अंगाने एक थाप मारायची.
ताटवे मागच्या साली बदलले होते,
यंदा गवत आणून घेजो."
आणि बसमध्ये चढला.

हे दस्तात कुठेच नाही.
चतुःसीमेत नाही, परिशिष्टात नाही.

रात्री साडेअकराला
खोल्या भट्टीसारख्या फुलल्या
आणि कूलर नुसताच कोरडा घुरघुरायला लागला.
मालकीण उठली,
पहिली थाप मारली.
पाणी आलं नाही.

दुसरी जरा जास्तच जोरात बसली.